वैद्यकीय प्रवेशाची तयारी : वर्गात की घरी ?

(मंडळाच्या वार्षिक गुणगौरव समारंभात दिलेले भाषण)



आजच्या समारंभाच्या निमित्ताने मंडळाच्या चालकांनी आम्हास चार शब्द सांगण्याची आज्ञा केली आणि विषयही त्यांनीच नेमून दिला. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेची तयारी शहरातील शिकवणी वर्गात जाऊन करावी, की घरी राहून ऑनलाइन करावी, हा तो विषय होय. दहावीचा निकाल लागला, पेढे वाटून झाले की आठ दिवसांच्या आत आपल्या समाजातील कित्येक घरांत हाच प्रश्न दत्त म्हणून उभा राहतो. एक मामा म्हणतात लातूरला पाठवा, दुसरे काका म्हणतात कोट्याला पाठवा, आणि मुलगा म्हणतो, मला चांगला मोबाइल घेऊन द्या, मी घरीच करतो. आईबाप बिचारे मध्ये सापडतात. प्रश्न पैशाचा असतो, तसाच तो मुलाच्या उमेदीच्या दोन वर्षांचाही असतो. आणि पैसा एकवेळ पुन्हा मिळतो, वर्षे पुन्हा मिळत नाहीत.

आम्ही डॉक्टर नाही आणि पदवीधरही नाही. मॅट्रिक होऊन शाळेत शिकवावयास लागलो आणि सारे आयुष्य खडू-फळ्यापाशी गेले. भौतिकशास्त्राचा एखादा अवघड प्रश्न आपण आम्हास घातलात तर तो आम्हास सुटणार नाही. परंतु मूल कशाने शिकते आणि कशाने नुसते शिकल्यासारखे दिसते, हे ओळखण्यातच आमची हयात गेली. तेवढ्या अधिकारावर आम्ही बोलणार आहोत.

प्रथम ही परीक्षा काय मागते ते पाहू. २०२५ सालच्या परीक्षेत एकूण १८० प्रश्न होते आणि वेळ १८० मिनिटे होता. म्हणजे एका प्रश्नास एक मिनिट. भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९० असे ते प्रश्न. बरोबर उत्तरास चार गुण, आणि उत्तर चुकले तर एक गुण वजा. एकूण गुण ७२०. त्यांपैकी ३६० एकट्या जीवशास्त्राचे. परीक्षेच्या पद्धतीत वेळोवेळी फेरफार होतात, यास्तव त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका पालकांनी स्वतः वाचावी. शेजाऱ्याच्या सांगण्यावर विसंबू नये.

त्या वर्षी २२ लाखांहून अधिक विद्यार्थी परीक्षेस बसले आणि १२ लाखांहून अधिक पात्र ठरले. परंतु एमबीबीएसच्या जागा साऱ्या देशात मिळून सव्वा लाखाच्या आसपास आहेत, आणि सरकारी महाविद्यालयांतील जागा त्याच्या सुमारे निम्म्या. यावरून 'पात्र ठरणे' आणि 'प्रवेश मिळणे' यांत केवढे अंतर आहे ते ध्यानी येईल. हे आकडे आम्ही कोणास घाबरविण्यासाठी सांगत नाही. कोणताही वर्ग, मग तो प्रत्यक्ष असो की ऑनलाइन, प्रवेशाची हमी देऊ शकत नाही, हे आधीच मनाशी ठरले म्हणजे पुढचा विचार शांतपणे करता येतो.

आता मूळ मुद्दा. शिकवणे म्हणून आपण ज्याला म्हणतो ते एक काम नसून त्यात चार कामे आहेत. विषय समजावून सांगणे हे पहिले. सांगितलेले मुलाकडून करवून घेणे हे दुसरे. चुकले तेथे बोट ठेवून ते दुरुस्त करणे हे तिसरे. आणि कंटाळा येईल त्या दिवशीही मुलाला ओळीवर ठेवणे हे चौथे. निवड करावयाची ती या चार कामांकडे पाहून करावी.

यांतील पहिले काम ऑनलाइन शिक्षण उत्तम करते, हे आमच्यासारख्या जुन्या माणसानेही मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. एकेकाळी नामांकित शिक्षक ज्या शहरात असेल तेथे जावे लागे. आज त्याचे व्याख्यान आडगावच्या मुलीलाही ऐकावयास मिळते. समजले नाही तर ती ते तीन वेळा ऐकू शकते. वर्गात मात्र शंभर मुलांदेखत "सर, पुन्हा सांगा" म्हणण्याचे धैर्य किती जणांस होते? शिवाय प्रवासाचा वेळ वाचतो. एसटीने जाण्यायेण्यात रोज दोन तास जात असतील, तर महिन्याच्या २६ दिवसांचे ५२ तास आणि दहा महिन्यांचे ५२० तास होतात. एवढ्या तासांत जीवशास्त्राचे पुस्तक अनेकदा वाचून होईल.

परंतु उरलेल्या तीन कामांचे काय ? पडदा सांगतो, विचारत नाही. मुलगा चार तास पडद्यासमोर बसला म्हणजे आईस वाटते, पोर किती अभ्यास करते. आणि मुलासही तसेच वाटते. ऐकताना सारे समजत असते. वही मिटून तेच स्वतः लिहावयास बसले की काहीच आठवत नाही. २००६ साली अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींना एक उतारा पुन्हा पुन्हा वाचावयास दिला. काहींना तो वाचून, न पाहता, आठवेल तेवढा लिहावयास लावले. पाच मिनिटांनी पाहिले तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने पाहिले तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले होते. आपल्या जुन्या गुरुजींनी पाढे रोज म्हणवून घेतले त्यामागचे मर्म हेच होते.

या परीक्षेत तर त्या मर्माला विशेष किंमत आहे. एका मुलाने १८० च्या १८० प्रश्न सोडविले. १२० बरोबर, ६० चूक. त्याचे गुण ४८० वजा ६०, म्हणजे ४२०. दुसऱ्या मुलीने १४० च सोडविले. ११८ बरोबर, २२ चूक. तिचे गुण ४७२ वजा २२, म्हणजे ४५०. मुलाची दोन उत्तरे अधिक बरोबर असूनही तो ३० गुणांनी मागे पडला. कोणता प्रश्न सोडून द्यावा हा विवेक कोणतेही व्याख्यान ऐकून येत नाही. घड्याळ लावून, कागदावर, पूर्ण तीन तासांच्या परीक्षा वारंवार देऊन आणि प्रत्येक चुकीचे कारण वहीत टिपूनच तो येतो.

ही तीन कामे प्रत्यक्ष वर्ग करतो काय ? चांगला वर्ग करतो. तेथे ठरल्या वेळी जावे लागते, आठवड्यास परीक्षा होते, सोबत बरोबरीची मुले असतात आणि त्यांच्याकडे पाहून आळशी मुलासही चेव येतो. परंतु वर्ग आहे म्हणजे ही कामे होतातच असे समजू नये. एका खोलीत दीडशे मुले कोंबली असतील, शिक्षक ध्वनिक्षेपकावरून बोलून निघून जात असेल, तर ते व्याख्यान आणि पडद्यावरचे व्याख्यान यांत फरक तो काय ? उलट पडद्यावरचे थांबविता तरी येते. कित्येक ठिकाणी गुणांप्रमाणे तुकड्या पाडतात. अनुभवी शिक्षक वरच्या तुकडीस आणि नवखे खालच्या तुकडीस, असाही प्रकार असतो. म्हणून संस्थेची कीर्ती विचारू नये. आपल्या मुलाच्या तुकडीत मुले किती, तिला शिकविणार कोण, आणि शंका विचारावयास वेळ कोणता, एवढे विचारावे.

मुलास घरापासून दूर ठेवण्याचाही विचार केला पाहिजे. सोळा वर्षांचे मूल परक्या गावी खानावळीचे जेवून, एका खोलीत राहून, दर आठवड्यास आपला क्रमांक भिंतीवर लागलेला पाहते. काहींना ते मानवते. काहींना आतून पोखरते. २०२३ या एका वर्षात राजस्थानातील कोटा शहरी २० हून अधिक विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपविले, ही गोष्ट मंगल समारंभात उच्चारणे कठीण जाते. तरी ती उच्चारल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ती मुले नालायक नव्हती. आपल्या गावच्या शाळांतून कौतुक घेऊन गेलेलीच होती. मूल बाहेरगावी असेल तर दूरध्वनीवर पहिला प्रश्न "किती मार्क पडले ?" हा नसावा. "जेवलास का ? झोप लागते का ?" हा असावा. मुलाचे बोलणे कमी झाले, त्याचा आवाज उतरला, तर रजेची वाट न पाहता पालकांनी पहिल्या गाडीने जावे. मनाच्या अडचणीसाठी शासनाची 'टेलिमानस' ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र चालते. तो क्रमांक मुलांनीही टिपून ठेवावा.

मग निवड कशी करावी ? आमचे मत असे की, दहावीनंतरच्या सुटीत एक महिना मुलाची पारख करावी. शुल्क कोठेही भरू नये. एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. राज्य मंडळाच्या मुलांना तर ती वेगळी वाचावीच लागतात. आयआयटी कानपूरच्या साह्याने केंद्र शासनाने २०२३ साली सुरू केलेल्या 'साथी' या संकेतस्थळावर नीटची व्याख्याने व सराव प्रश्न विनामूल्य मिळतात. या साधनांवर जीवशास्त्राचे दोन आणि भौतिकशास्त्राचे एक प्रकरण मुलाने स्वतःच्या वेळापत्रकाने करावे. दर रविवारी घड्याळ लावून ५० प्रश्न सोडवावे. महिनाअखेर पालकांनी चार गोष्टी पहाव्या. न सांगता मूल किती दिवस बसले ? चुकांची वही भरली की कोरी राहिली ? अडलेली शंका त्याने कोणास विचारली, की तशीच सोडून दिली ? आणि अभ्यासासाठी घेतलेल्या मोबाइलवर अभ्यासावाचून दुसरे काय चालले होते ?

चारही उत्तरे समाधानकारक आली तर त्या मुलास घरी राहून ऑनलाइन तयारी करू द्यावी. त्यास दूर पाठवून खर्च वाढविण्याचे कारण नाही. मूल हुशार आहे पण एकटे बसत नाही असे आढळले, तर जवळच्या गावचा, लहान तुकडीचा प्रत्यक्ष वर्ग पहावा. आणि भौतिकशास्त्राचे गणितच अडते असे दिसले, तर तेवढ्या एका विषयास प्रत्यक्ष शिक्षक लावून बाकीचे घरी करता येते. निवड दोनच टोकांत करावी लागते, हा समज शिकवणीवाल्यांच्या जाहिरातींनी पसरविला आहे.

महिनाभराच्या पारखीत एक चौथी गोष्टही उघड होण्याचा संभव आहे, ती ही की, मुलाला डॉक्टर व्हावयाचेच नाही. ती वेळीच कळली तर तो लाभच मानावा.

आता पैशाविषयी. जाहिरातीत छापलेले शुल्क हा खर्चाचा एक भाग झाला. त्यावर शेकडा १८ वस्तू व सेवा कर असतो. म्हणजे एक लाखाचे एक लाख अठरा हजार होतात. खोलीभाडे, खानावळ, प्रवास, पुस्तके यांची बेरीज दोन वर्षांची करावी. ऑनलाइनचा खर्चही तसाच लिहून काढावा : टॅब, रिचार्ज, टेबल-खुर्ची, छापील चाचण्या. 'सुलभ हप्ते' असे कोणी म्हटले तर ते हप्ते संस्थेचे की एखाद्या वित्तकंपनीच्या कर्जाचे, हे सही करण्यापूर्वी वाचावे. मुलाने शिकवणी सोडली तरी कर्ज आपणास सोडत नाही. जानेवारी २०२५ मध्ये उत्तर भारतातील एका जुन्या, मोठ्या शिकवणी संस्थेची अनेक केंद्रे ऐन परीक्षेच्या तोंडावर बंद पडली आणि आगाऊ पैसे भरलेले पालक रस्त्यावर आले. यास्तव दोन वर्षांचे शुल्क एकदम भरण्याच्या सवलतीस भुलू नये.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये शिकवणी वर्गांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालील मुलांस प्रवेश देऊ नये. शिक्षक किमान पदवीधर असावा. दिवसाकाठी पाच तासांहून अधिक वर्ग घेऊ नयेत. विद्यार्थ्याने मध्येच शिकवणी सोडल्यास उरलेल्या काळाचे शुल्क दहा दिवसांत परत करावे, असे त्यांत म्हटले आहे. जाहिरातींविषयीही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये नियम घातले : यशस्वी विद्यार्थ्याचे छायाचित्र त्याच्या लेखी संमतीवाचून छापू नये, आणि त्याने कोणता अभ्यासक्रम किती काळ घेतला हेही सांगावे. कारण वर्षभर घरी अभ्यास करून शेवटी चार सराव परीक्षा दिलेल्या मुलाचे चित्र दोन वर्षांच्या वर्गाच्या जाहिरातीत झळकते. पालकांनी या दोन्ही गोष्टी ध्यानी ठेवून प्रश्न विचारावे. उत्तर देण्यास जो टाळाटाळ करील त्याच्या दारी पुन्हा जाऊ नये.

भगिनींनो, एक गोष्ट आम्ही विशेष आग्रहाने सांगतो. ऑनलाइन शिक्षणाची सोय झाल्यापासून काही घरांत नवीच वाटणी दिसू लागली आहे : मुलगा असेल तर लातूर, मुलगी असेल तर मोबाइल. वर पुन्हा म्हणावयाचे, "तिचीही सोय केलीच आहे की." मुलगी घरी अभ्यासास बसली म्हणजे दर अर्ध्या तासाने तिला हाक येते. पाहुणे आले, चहा ठेव. धाकटा रडतो, घे त्याला. मुलगा घरी बसला तर त्याच्या खोलीचे दार आपण हळूच लावून घेतो. घरी राहून अभ्यास करण्याचा निर्णय मुलीसाठी घेतला असेल, तर तिच्या अभ्यासाचे तास घरातील साऱ्यांनी देवघराच्या सोवळ्याप्रमाणे पाळले पाहिजेत. ते पाळणे होणार नसेल तर तिला वर्गास घालावे. पारख दोघांची सारखीच व्हावी आणि खर्चाची तयारीही दोघांसाठी सारखीच असावी.

आता मंडळाच्या चालकांस एक विनंती. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी करविली. त्या वसतिगृहांत व्याख्याने होत नसत. शिकावयास मुले शाळा-महाविद्यालयांतच जात. वसतिगृहाने त्यांना तीन गोष्टी दिल्या : बसण्यास जागा, बरोबरीची सोबत आणि विचारपूस करणारे वडीलधारे माणूस. तेवढ्यावर खेड्यांतून आलेली मुले पुढे गेली. आज परिस्थिती नेमकी उलटून तशीच झाली आहे. व्याख्यान घरोघरी पोचले आहे. जागा, सोबत आणि विचारपूस मात्र दुर्मिळ झाली आहे. आणि ह्या तिन्ही गोष्टी देणे आपल्या मंडळाच्या आवाक्यातील आहे.

लग्नसराईचे दिवस सोडले तर आपले मंगल कार्यालय रिकामे असते. त्यातील वरचे दालन सकाळी सहा ते रात्री नऊ अभ्यासिका म्हणून उघडावे. चांगली इंटरनेट जोडणी, वीज गेल्यास चालणारे दिवे, आणि मुलींसाठी स्वतंत्र बसण्याची व्यवस्था असावी. दर रविवारी दुपारी दोन ते पाच, म्हणजे २०२५ साली जी परीक्षेची वेळ होती त्या वेळी, छापील प्रश्नपत्रिका आणि गोल रंगविण्याची उत्तरपत्रिका देऊन परीक्षा घ्यावी. आपल्या समाजातील जी मुले आज वैद्यकीय महाविद्यालयांत आहेत त्यांनी महिन्यातून एक रविवार येऊन शंका सोडवाव्या. देखरेखीस आमच्यासारखे निवृत्त शिक्षक आहेत. आमचे नाव आजच लिहून घ्यावे. भौतिकशास्त्र येत नसले तरी "काल काय केलेस ? वही दाखव," एवढे विचारणे आम्हास येते, आणि पडद्यास नेमके तेवढेच येत नाही. ज्यांना लागू असेल त्यांना नागपूरच्या 'महाज्योती'सारख्या शासकीय संस्थांच्या विनामूल्य ऑनलाइन प्रशिक्षणाची माहिती मंडळाच्या फलकावर वेळेवर लावावी. मुदत टळून गेल्यावर कळलेली सवलत कोणाच्याच उपयोगाची नसते.

विद्यार्थिमित्रहो, शेवटी तुमच्यासाठी एक शब्द. प्रयत्न करूनही यश आले नाही तर पुन्हा एक वर्ष द्यावे की नाही, हे आदल्या वर्षीच्या चुकांची वही पाहून ठरवावे. समाजात काय म्हणतील यावरून ठरवू नये. दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी यांचे प्रवेशही याच परीक्षेवरून होतात. औषधनिर्माण, परिचर्या, प्रयोगशाळेतील तपासणी याही रुग्णसेवेच्याच वाटा आहेत. ज्याचे गुण कमी पडले त्याच्याही पाठीवर याच व्यासपीठावरून हात फिरला पाहिजे, असे आम्हास वाटते.

सारांश, ज्ञानाचा पुरवठा आता कोठूनही होऊ शकतो. परंतु मुलाच्या वहीकडे रोज पाहणारा डोळा जवळच असावा लागतो. तो डोळा ज्या व्यवस्थेत असेल ती व्यवस्था आपल्या मुलासाठी चांगली. मग तिला वर्ग म्हणा की ऑनलाइन म्हणा.